दोनशे बारा पुस्तकांची वाडी

मालन तोडणकर लांज्याची. वय एकेचाळीस. नऊ देशांतल्या मुलांना शिक्षणाची संधी कितपत सारखी मिळते, याची पाहणी फिनलंडमधली एक संस्था करत होती. लांजा तालुक्यापुरती ती पाहणी मालनच्या स्कूटरवरून चालत असे. त्याआधी पाच वर्षं ती वहिनीच्या कारखान्यात काजू फोडत होती. काजूच्या तेलाने काळी पडलेली बोटं नुकती कुठे मूळ रंगावर आली होती.

तिने भरलेल्या प्रश्नावल्यांचे दोन संच संस्थेच्या पुण्याच्या कार्यालयातून परत आले होते. पहिल्या खेपेला खाडीकाठच्या एका घरात स्कूटर नाही, गाडी नाही म्हणून तिने ‘वाहन नाही’ असं लिहिलं. त्या घरची मासेमारीची मोठी लाँच समोर पाण्यात डुलत होती. पण छापील यादीत लाँच नव्हती, आणि यादीबाहेरचं लिहायचं नाही असा नियम होता. दुसऱ्या खेपेला तिने लाँच लिहिली. तेव्हा संगणकाने त्या घराला नॉर्वेतल्या श्रीमंतांत बसवलं. तिसरा संच परत आला तर गळ्यातलं ओळखपत्र जमा करायचं होतं. वहिनीने कारखान्यातली खुर्ची रिकामी ठेवलीच होती.

तिसऱ्या संचात चौदा घरांची एक वाडी होती, आणि मुख्य प्रश्न एकच: घरात पुस्तकं किती? शाळेची पुस्तकं धरायची नाहीत. मार्गदर्शिकेत सोय दिली होती, की एक मीटर फळीवर साधारण चाळीस पुस्तकं मावतात. वाडीत फळी कुणाकडेच नव्हती. पहिल्या घरी, यमुनाबाईंकडे, पुस्तकं हाऱ्यात होती, म्हणजे आंबे भरतात त्या मोठ्या टोपलीत. मालनने ती एकेक करून मोजली. दोनशे बारा.

दुसऱ्या घरीही दोनशे बारा. तिसऱ्याही. प्रत्येक घरी चहा झाला, चहावर गप्पा झाल्या, मग हारा पुढे आला. दापोलीच्या विद्यापीठाची, फणसाच्या चिकाचा डाग पडलेली एक डायरी तिला घरोघर दिसली. डायऱ्या फुकट वाटल्या असतील, असं तिला वाटलं. डागाचा विचार तिने केला नाही. चौदा चहा झाल्यावर माणूस डागांचा विचार करत नाही.

तिसऱ्या दिवशी पुण्याहून, संच तपासणाऱ्या उन्मेष सरांचा फोन आला. “मालनताई, चौदा घरं आणि सगळीकडे दोनशे बारा? घरी बसून भरलंत का?”

“नाही सर. मोजलीत.”

“फरक शून्य आहे. जगात इतकी समानता कुठेच नाही. फिनलंडवाले विचारतायत, हे गाव कुठे आलं म्हणून. शनिवारपर्यंत पुन्हा मोजा, नाहीतर कार्ड पाठवून द्या.”

मालन तडक यमुनाबाईंकडे गेली आणि फिनलंडवाल्यांचं सगळं सांगितलं. यमुनाबाईंनी काहीच लपवलं नाही. वाडीची मोठी पातेली, सतरंज्या, खुर्च्या कुणा एकाच्या नसतात. ज्याच्याकडे कार्य, त्याच्याकडे त्या जातात आणि पुढचं कार्य निघेपर्यंत तिथेच राहतात.

“पुस्तकं मोजायला बाई येणार, म्हणजे कार्यच की गो,” यमुनाबाई म्हणाल्या. “सगळ्यांची एकत्र केली. तू पुढच्या घरी चहा घेत होतीस, तेव्हा मागच्या दारानं हारा तिथं.”

“पण तुमची स्वतःची किती?”

“आता? एकपण नाय. हारा आप्पांकडे हाय. शेवटचं घर त्यांचं.”

मालनने पुन्हा मोजलं. तेरा घरी शून्य, आप्पांकडे दोनशे बारा. आकडे पाठवताच फोन वाजला.

“ताई, परवा तुम्ही फिनलंडच्या पुढे होतात. आज एकच सावकार आणि तेरा भणंग. हेही चालणार नाही.”

शनिवारची मुदत मात्र तीच होती. शनिवारी सकाळी मालन आप्पांच्या पडवीत जाऊन बसली. आप्पा एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. हाऱ्यामुळे त्यांना पाय पसरता येत नव्हते.

“ही परत वाटून टाकू का?” त्यांनी विचारलं.

“मी कसं सांगू, आप्पा? मोजणाऱ्याने परिस्थिती बदलायची नाही, असा नियम आहे.”

“मग तुला हवंय तरी काय?”

“मला काही हवं नसतं. मी फक्त मोजते.”

“कठीण नोकरी हाय,” आप्पा म्हणाले.

साडेअकराला अर्ध्या दिवसाची शाळा सुटली. घरी निघालेल्या मुलांतली सानिका नावाची चौथीतली मुलगी थांबली, तिने हारा पाहिला. “आप्पा, कुणाची ही पुस्तकं?”

“वाडीची. न्या, म्हणजे माझे पाय मोकळे होतील.”

कुणी दोन नेली, कुणी दप्तर रिकामं करून दहा. बाराला हाऱ्यात डायरी धरून नऊ उरली. मालनने ती मोजली आणि उलट्या क्रमाने वाडी पुन्हा फिरली. एकतीस, चार, सतरा, शून्य, बावीस. चौदा घरांची मिळून बेरीज एकशे अठ्ठ्याण्णव आली. चौदा कमी होती, पण चार मुलंही अजून घरी पोचली नव्हती.

या खेपेला संच लगेच स्वीकारला गेला. उन्मेष सर खूश होते. “आता कसं खरं वाटतं. अगदी सरासरीच्या जवळ.”

“या वाडीचे मागचे दोन्ही आकडेही खरेच होते, सर.”

“ते कुठे लिहू नका,” उन्मेष सर म्हणाले.

ओळखपत्र गळ्यात राहिलं. स्कूटर काढताना यमुनाबाई कुंपणापाशी आल्या.

“पुढच्या खेपेला त्या फिनलंडवाल्यांचा आकडा आधी कळव गो. त्याच्यापेक्षा एकदोन जास्तच ठेवू.”