विशेष तयारी नको

नांदणगावात लालासाहेब सुभेदारांचं घर विचारत जावं लागत नसे. ज्या अंगणातल्या दगडांना खाली गेरू आणि वर चुना मारलेला असेल, ते घर सुभेदारांचं. पायरीच्या कडेचे दगड, तुळशीचा कट्टा, गोठ्याचे खांब, नारळाचं झाड, कशालाही त्यांनी सोडलं नव्हतं. विजयमालाबाई म्हणायच्या, "म्हस जरा कमी हलली आस्ती तर तिलाबी पट्टा मारला आस्ता ह्यांनी."

यंदा मात्र दिवाळी येऊन गेली, दगडांवरचा चुना पावसानं धुऊन गेला, तरी सुभेदारांनी डबा बाहेर काढला नाही. गावाला वाटलं, वय झालं. वय झालं हे खरंच आहे, पण कारण ते नव्हे.

लालासाहेब मिसरूड फुटायच्या आत भरतीला पळाले ते मराठा लाइट इन्फन्ट्रीतून सुभेदार होऊनच परत आले. घरचा ऊस भावानं सांभाळला होता, पेन्शन होती, त्यामुळं गावात आल्यावर त्यांना दुसऱ्यांची घडी बसवण्याशिवाय काम उरलं नाही. शाळेचं मैदान, एसटीचा थांबा, स्मशानाची वाट, जिथं पसारा दिसेल तिथं सुभेदार. माणूस सरळ, हाताचा सैल, कुणाच्या अडीअडचणीला धावणारा. खोड एकच. जे दिसायला नीटनेटकं ते नीट चाललंय, आणि जिथं झाडोरा माजलाय तिथं काहीतरी बिघडलंय, हे त्यांच्या डोक्यात पलटणीनं असं ठोकून बसवलं होतं की ते उपटायला कुणी जन्मलं नाही.

त्यांचा जिवाभावाचा माणूस म्हणजे खालच्या बौद्धवस्तीतला धोंडिराम. तो महार रेजिमेंटमधून हवालदार म्हणून निवृत्त झालेला. दोघांच्या पलटणी वेगळ्या, पण रोज सकाळी दोघं ओढ्याच्या बांधानं फिरायला जायचे आणि त्याच त्या गोष्टी एकमेकांना पुन्हा नव्यानं सांगायचे. गावात सुभेदारांना कुणी तात्या म्हणे, कुणी आबा. धोंडिराम 'साहेब' म्हणायचा. रँक ती रँक.

धोंडिरामच्या वस्तीत एक आड आहे. गावच्या विहिरीवर पोहरा टाकू देत नव्हते त्या काळात त्याच्या बापानं आणि चुलत्यांनी तो खणला. पाणी गोड लागलं. पुढं काळ बदलला, विहीर सगळ्यांना खुली झाली, पण वस्तीचा जीव आडावरच राहिला. मग गाव वाढलं. घरोघर मोऱ्या आल्या, संडास आले, गटारं आली, आणि सगळ्या गावाची घाण ओढ्यात उतरून त्या आडाला खेटून कृष्णेत जाऊ लागली. कुणी मुद्दाम केलं नाही म्हणे, उतारच तिकडं होता. आता उताराला काय विचारणार. आडाच्या पाण्याला वास सुटला आणि वस्ती विकतचे जार आणू लागली.

अशात जर्मनीच्या मदतीची एक योजना आली. नदीकाठच्या गावांचं सांडपाणी कृष्णेत पडण्याआधीच निवळायचं, असा तिचा बेत. पैसा तिकडचा, काम सांगलीतल्या एका संस्थेचं. संस्थेकडून अंकिता नावाची साताऱ्याची इंजिनिअर मुलगी यायची. तिनं गावाच्या वरच्या अंगाच्या गटारांच्या तोंडाशी एक मोठा वाफा खणून घेतला, तो खडीनं भरला आणि त्यात कर्दळ आणि पाणकणीस लावायला सांगितलं. मोटार नाही, वीज नाही. घाण पाणी खडीतून झिरपायचं, झाडांची मुळं ते निवळायची आणि पलीकडून स्वच्छ पाणी बाहेर पडायचं. हा पहिला वाफा चांगला चालला, तर दुसरा खाली, आडाच्या वरच्या अंगाला व्हायचा होता. धोंडिरामचं सगळं लक्ष त्या दुसऱ्या वाफ्याकडं होतं.

देखरेखीला सुभेदारांशिवाय दुसरं कोण असणार? आणि सुभेदार आले म्हणजे धोंडिराम आलाच. त्यानं आपल्या दारातल्या कर्दळीचे कंद पोत्यात घालून आणले आणि गुडघ्यावर बसून खडीत लावले. पावसाळा संपेस्तोवर वाफा माणसाला झाकेल एवढा वाढला. पलीकडून पडणारं पाणी सुभेदार काचेच्या ग्लासात धरून उन्हात बघायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचे. पाणी बघून त्यांना आनंद व्हायचा आणि वाफा बघून हात शिवशिवायचे. वाळकी पानं लोंबतायत, पाणकणसं आडवी पडलीत, बेडकं ओरडतायत. अंकिता म्हणायची, "काका, असंच असू द्या." सुभेदार हात मागं बांधून घ्यायचे.

एका सकाळी बांधावर बसल्या बसल्या ते धोंडिरामला म्हणाले, "दुसरा वाफा हू दे. तुज्या आडाचं पाणी पयलं मी पिणार. तांब्या भरून, समद्या गावासमोर."

धोंडिराम हाताची माती पुसत बसला. सुभेदारांनी त्याच्या घरी चहा कितीदा घेतला होता, जेवलेही होते. पण त्या आडाचं पाणी वरच्या आळीतल्या माणसानं कधी तोंडाला लावलं नव्हतं. आधी एका कारणानं, मग वासाच्या कारणानं. त्याची लाज सुभेदारांच्या पोटात फार दिवस होती. ती बोलून दाखवणं त्यांना जमत नव्हतं, म्हणून त्यांनी शब्द दिला.

उन्हाळ्याच्या तोंडाला अंकिताचा फोन आला. जर्मनीचे पाहुणे पहिला वाफा बघायला येणार होते आणि पुढचे वाफे कुठं करायचे ते याच फेरीत ठरणार होतं. "आणि काका," ती म्हणाली, "विशेष तयारी नको. आहे तसंच त्यांना बघायचंय."

फोन ठेवून सुभेदार मिशीत हसले. मोठा साहेब येणार असला की पलटणीत अस्साच निरोप यायचा, विशेष तयारी नको. आणि निरोप आला की त्याच दिवसापासून पलटण झाडायला, घासायला, रंगवायला लागायची. ज्यानं तो निरोप खरा मानला, त्याच्या कंपनीची इन्स्पेक्शनला शोभा झालेली सुभेदारांनी डोळ्यांनी बघितली होती. नको म्हणायचं ही मोठ्या माणसांची रीत, ते समजून करायचं ही आपली, एवढा साधा त्यांचा हिशेब.

विजयमालाबाई म्हणाल्या, "आवं, ती पोरगी नको म्हंती तर नको. तिला काय कळत न्हाई व्हय?"

"तुला इन्स्पेक्शन म्हंजी काय ते म्हाईत न्हाई," सुभेदार म्हणाले, आणि विषय तिथंच मिटला.

पाहुणे येण्याच्या आदल्या दिवशी सकाळी वाफ्यावर माणसं लागली. आधी विळे चालले. कर्दळ कापली, तर बुडखे वरखाली दिसू लागले, म्हणून कुदळी आणल्या. खडीवर काळा गाळ दिसला म्हणून टँकरचं पाणी मारलं. तरी वास राहिलाच. मग ग्रामपंचायतीत टीसीएल पावडरीची पोती होती, विहिरीत टाकतात ती. सुभेदारांनी ती सोडवली आणि खडीवर पसरायला लावली. सगळा वाफा पांढराधोट झाला. काठच्या दगडांना गेरू-चुना झाला. कराडच्या नर्सरीतून झेंडूची रोपं आणून दोरी धरून रांगेत लावली.

कुदळ मारायच्या आधी धोंडिराम एकदाच जवळ आला होता. "साहेब, मुळं तरी ऱ्हाऊ द्यायची का? अंकिताताई म्हनत हुत्या, समदं काम मुळंच करत्यात."

"एका दिवसाचा प्रश्न हाय, धोंडिराम. पाव्हणं गेलं की परत लावू. कंद कुटं पळून जात न्हाईत."

"जी, साहेब," धोंडिराम म्हणाला. जे कंद त्यानं गुडघ्यावर बसून लावले होते, ते त्यानंच वाकून उपटले.

दुसऱ्या दिवशी हलगी वाजली, फेटे बांधले गेले, औक्षण झालं. सुभेदार ब्लेझर घालून, छातीवर पदकं लावून वाफ्यापाशी ताठ उभे होते. पाहुण्यांत एक उंच, पिकल्या केसांची बाई मुख्य होती. तिनं फेटा हातानं सावरत वाफ्याकडं बघितलं. बराच वेळ बघितलं. मग अंकिताकडं वळून हळू आवाजात काहीतरी विचारलं. अंकिताचा चेहरा उतरला.

"काका," ती म्हणाली, "झाडं कुठं आहेत?"

"काढली. समदं स्वच्छ केलं." हे बोलता बोलता सुभेदारांचं लक्ष बाईकडं गेलं. सगळ्या नोकरीत इन्स्पेक्शनला आलेल्या साहेबाचा असा चेहरा त्यांनी बघितला नव्हता.

पलीकडच्या पाइपातून पाणी पडत होतं. आत जितकं घाण जात होतं तितकंच घाण बाहेर येत होतं, वर पावडरीचा उग्र वास. बाईनं बाटलीत नमुना घेतला. मग तिनं पोहे खाल्ले, चहा घेतला, निघताना सुभेदारांचा हात हातात घेऊन काही म्हणाली. अंकितानं खाली बघत सांगितलं, इतक्या मनापासून स्वागत कुठंच झालं नाही म्हणतायत. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, असं सुभेदारांना वाटलं.

पुढचे वाफे शिराळ्याकडच्या एका गावाला गेले. तिथल्या लोकांनी पहिला वाफा होता तसा ठेवला होता, म्हणजे खरं सांगायचं तर त्याच्याकडं ढुंकूनही बघितलं नव्हतं. पहिला वाफा पाहणीपर्यंत नीट चालला तरच दुसरा, असा योजनेचा नियम होता. त्यात कुणाचा दोष काढणार?

सुभेदार तोच ब्लेझर घालून सांगलीला संस्थेत गेले. अंकितासमोर खुर्चीवर बसले नाहीत. म्हणाले, चूक माझी आहे, वस्तीची नाही, मला काय करायचं ते करा, पण आडाजवळचा वाफा रद्द करू नका. अंकितानं आधी त्यांना हाताला धरून बसवलं. तिनं तिकडं खूप लिहिलं होतं, विनंत्या केल्या होत्या. आता त्या फेरीचा पैसा वाटून संपला होता आणि पुढची फेरी होईल की नाही हे तिलाही ठाऊक नव्हतं.

"मी फोनवर मुळं काढू नका म्हणायला पाहिजे होतं, काका," ती म्हणाली. "मी नुसतं तयारी नको म्हटलं."

सुभेदार उठले. ते सगळ्या वाटेनं एसटीच्या खिडकीतून उसाकडं बघत आले.

पहिला वाफा त्यांनी परत लावला. पावडरीनं पोळलेली खडी काढून नवी भरली, धोंडिरामच्या दारातले उरलेले कंद आणले आणि ह्या वेळी स्वतः गुडघ्यावर बसले. कर्दळ पुन्हा धरली. आता ती वाट्टेल तशी माजली आहे आणि सुभेदार तिला बोट लावत नाहीत. पण तिथून वस्तीपर्यंतच्या वाटेवर अजून चार आळ्यांची गटारं ओढ्याला मिळतात. ती अडवायला जो दुसरा वाफा पाहिजे होता, तो झाला नाही. आड होता तसाच आहे.

परवा धोंडिरामच्या नातीचा, मायाचा साखरपुडा होता. सुभेदार सगळ्यांच्या आधी गेले. वस्तीत शिरताना आड लागतो. तिथं ते थांबले, पोहरा सोडला, काठावरचा तांब्या भरून घेतला आणि उभे राहिले. वास नाकात जात होता. धोंडिराम मांडवातून बघत होता. सुभेदारांनी तांब्या वर उचलला, तसा तो लगबगीनं आला आणि त्यानं त्यांचं मनगट धरलं. इतक्या वर्षांत त्यानं सुभेदारांना कधी अडवलं नव्हतं.

"न्हाई, साहेब."

"शब्द दिलाय मी."

"शबूद चांगल्या पान्याचा हुता." त्यानं तांब्या काढून घेतला आणि दारातल्या कर्दळीच्या बुडात ओतला. मग घरातून जारचं पाणी ग्लासात भरून आणलं. सुभेदार ते प्यायले. गार होतं आणि त्याला कसलीच चव नव्हती.

धोंडिराम रिकामा ग्लास घेऊन तिथंच उभा राहिला. "त्या दिवशी कुदळ मारायच्या आधी आसाच हात धराय पायजे हुता तुमचा," तो म्हणाला. "माजं हात उचललं न्हाईत."

सुभेदारांचे डोळे भरून आले. मांडवात पाहुणे येऊ लागले होते, मायाची आई धोंडिरामला हाक मारत होती.

"मला साहेब म्हनू नगंस आता, गड्या," ते म्हणाले.

"जी, साहेब," धोंडिराम म्हणाला, आणि त्यांना मांडवात घेऊन गेला.