सीनेकाठचं काळं पातेलं

परवा सून चिंचेनं जुनं पितळी पातेलं घासत होती. ती बुडाची काजळी खरवडाया लागली, तसा मी ओरडलो, “तेवढं राहू दे!” त्या काजळीच्या वासानं मला थेट सीना नदीच्या काठी नेलं.

तवा सीनेच्या अलीकडं आमची निजामाची मोगलाई आन पलीकडं इंग्रजाचा मुलूख होता. मी पलीकडची बायको करून बैलगाडीतनं घरी आणत होतो. नदी वलांडली की लगेच करोडगिरीचा नाका. तिथल्या शिपायानं गाडीतलं पातेलं वर धरलं. “नवा माल हाय. जकात भर, न्हाईतर हितंच ठेव. वापरलेलं असतं तर सोडलं असतं.”

पातेलं तिच्या आईनं दिलेलं, तेवढंच एक. मी अडून बसलो. भरणार न्हाई आन ठेवणार बी न्हाई! ऊन डोक्यावर आलं. मग पदराआडनं ती पहिल्यांदाच माझ्याशी बोलली, “आवो, तीन दगडं मांडा.”

गाडीतल्या बेसनाचं पिठलं तिनं सीनेच्या पाण्यात त्याच पातेल्यात रटरटत ठेवलं. लसणाच्या वासानं शिपाई जवळ सरकला आन आमच्या शिदोरीतल्या भाकरीसंगं पोटभर जेवला. मग तिनं काळं बूड त्याच्यापुढं धरलं. तो हसला, “जुनं झालं बे! ने घरी.”

माझ्या हट्टापुढं नाका वाकला, असं मी गावात आजवर सांगत आलो. डोकं तिचं होतं, हे आज लिहितो.

औंदा नात सीनेपलीकडं दिली. तिची नवी भांडी लखलखीत जातील, आता नाका न्हाई, वाटेत कुणी अडवणार न्हाई. त्यांच्यात हे काळं पातेलं बी मी बांधलंय. आजीच्या माहेराकडं चाललंय ते.