मिसिसिपीची ओटी

फ्रिस्कोच्या पार्कमध्ये रोज भेटणाऱ्या त्या काकूंचं नाव मला अजून माहीत नाही. बोलताना त्या बाकावरून बोटं फिरवतात, पाण्यातून फिरवावीत तशी.

सेंट लुइसच्या ट्रिपचं सगळं बुक झालं, असं मी त्यांच्याशेजारी बाकावर टेकता टेकता सांगितलं.

"आणि मिसिसिपी?"

"ती तिथल्या त्या उंच आर्चवरून दिसेलच, काकू."

त्यांनी डोळे मिटले. "माझी लेक तिथे झाली. नदीची ओटी भरायची म्हणत होते, तेवढ्यात गाव सुटलं. आता गुडघे नेत नाहीत. माझ्या वतीने भरशील?"

"विमानात नारळ नेऊ देतील?"

"तिथे घे गं! पण घाईघाईत भरू नकोस. आधी तिच्याजवळ जरा बस."

घरी येऊन मी ट्रिपमधलं म्युझियमचं बुकिंग कॅन्सल केलं. शनिवारची दुपार आता कोरी आहे, आणि तिच्यातून मला आत्ताच पाणी वाहताना दिसतंय.