गिरिजाक्का बसून राहिली

गिरिजाक्काच्या मिरची कांडपात मिरची ठेवून जायची सोय नव्हती. ज्याची मिरची, त्यानं समोर बसायचं. कुणी म्हणालं, "आक्का, पिशवी ठेवून जातो, सांजच्याला नेतो," की ती पिशवी उचलून परत त्याच बाईच्या हातात द्यायची. "बसायला सवड नसली तर दुकानातनं पुडी घ्या. माझ्याकडं डोळ्यांम्होरं कांडून मिळतं." मग ती बाई मुकाट्यानं भिंतीकडेच्या फळीवर बसायची, पदर नाकाला लावून शिंकत. चैत्र-वैशाखात अशा आठ-दहा जणी बसलेल्या असायच्या आणि गल्लीत कुणाचं काय चाललंय ते सगळं तिथं बारीक होऊन निघायचं.

मी वरच्या खोलीत भाड्यानं राहत होते. सभा, मोर्चे आणि त्यांची पत्रकं लिहिणं हे माझं काम. आक्का मला नावानं कधी हाक मारत नसे. "ए पत्रकवाले, च्या घे खाली येऊन." तिचं माहेर कर्नाटकच्या सीमेकडचं, त्यामुळे मुलगी पल्लवी तिला आई न म्हणता 'अव्वा' म्हणायची. गळ्यात लिंग, कपाळाला विभूती, हात कोपरापर्यंत लाल. नवरा इचलकरंजीत मागाच्या शेडमध्ये, सुट्टीला घरी यायचा. बाकी संसार आक्काच्या आवाजावर चालायचा, आणि तो आवाज कांडपाच्या वरचा होता.

पल्लवीला तिनं गावातल्या नावाजलेल्या मुलींच्या शाळेत घातलं होतं. शाळा खासगी. त्या शाळेची मुलगी म्हटलं की कोल्हापुरात लोक मान डोलावतात. निकाल चांगला, शिस्त कडक, आणि निम्म्या मुलींच्या आया तिथंच शिकलेल्या. जुने चालक गेले, नवं मंडळ आलं. त्यांनी पहिल्यांदा स्टेज बांधलं. मग सफाईच्या बाया कमी केल्या. मग मुली तास चुकवून संडासात गप्पा मारतात असं कारण काढून संडासांना कुलूप लावलं. मधली सुट्टी सोडून कुणाला जायचं असेल तर ऑफिसातल्या क्लार्ककडून किल्ली मागायची. क्लार्क पुरुष. समोर बाकावर लोक बसलेले. तेरा-चौदा वर्षांच्या मुलीनं तिथं उभं राहून किल्ली मागायची.

मुलींनी यावर त्यांच्या परीनं उपाय काढला. पाणी प्यायचं बंद केलं. पल्लवी नववीत होती. तिला थंडी वाजून ताप आला, लघवीला आग व्हायला लागली, तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, "दिवसभरात पाणी किती पितेस?" पोरगी आईकडं बघायला लागली. आक्का घरी आली ती थेट वर माझ्या खोलीत. "तू लिहितीस न्हवं? लिही."

त्याआधी पालकांनी एक अर्ज दिलेला होता. मानेवहिनींच्या अक्षरात. वहिनी बँकेत नोकरीला, स्वतः त्या शाळेच्या माजी विद्यार्थिनी, शाळेचं गाणं अजून पाठ. अर्जात सगळीकडं 'मुलींच्या सुविधांबाबत' असं सभ्य शब्दांत लिहिलेलं. मंडळाचं उत्तर आलं की सुविधा उत्तम आहेत, नवा संगणक कक्ष येऊन पाहावा. आणि पालक खरोखर जाऊन तो संगणक कक्ष पाहून आले होते.

मी लिहिलेलं पत्रक आक्कानं चष्मा लावून वाचलं. वर 'कुलूपबंद व्यवस्थेचा धिक्कार असो'. खाली भांडवल, पितृसत्ता, शिक्षणाचा बाजार. सगळं खरं होतं आणि अजूनही मला ते खरंच वाटतं. आक्का म्हणाली, "झ्याक लिवलंयस. पर ह्यात शोषण ढीगभर हाय आणि संडास एकदा बी न्हाय." मी संडास घातला. ते पत्रक घेऊन पालक कांडपात जमले.

मानेवहिनी वाचून उठून उभ्याच राहिल्या. "हे शाळेच्या दारात वाटणार? शाळेचं नाव जाईल. आमच्या मुलींच्या दाखल्यावर तेच नाव असणार आहे. उद्या कुठंही गेल्या तरी तेच नाव."

"नाव आमच्या पोरीला मूतखडा करतंय, वहिनी," आक्का म्हणाली.

"तोंड सांभाळून बोला, आक्का."

"बरं. सुविधाखडा."

बायका पदर तोंडाला लावून हसल्या, पण पत्रक कुणी घेतलं नाही. मी म्हटलं, असल्या शाळेत मुली ठेवायच्याच कशाला, सगळ्यांनी मिळून दाखले काढा, मग बघू मंडळ काय करतंय. त्यावर आक्का माझ्यावरच उखडली. "आणि घालू कुठं? गणिताच्या बाई अशा शिकवत्यात की माझी पोर सुट्टीला बापाला व्याज समजावून सांगती. तसल्या बाई हुडकून दे, मग बोल. शाळा चांगली हाय. कारभारी वाईट हाईत. कारभारी वाईट म्हणून चांगली शाळा त्यांच्याच पदरात टाकून आपण जायाचं व्हय?"

भिंतीकडेला एकजण आपल्या मिरचीवर नजर ठेवून बसली होती. आक्का तिच्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, "चटणी समोर बसून कांडून घेता. आणि पोरगी सोडून घरी येता. मी सोमवारी जाऊन बसतो." कोल्हापूरच्या बायका 'मी बसतो, मी येतो' असंच बोलतात, पण तिच्या तोंडी ते नोटीस दिल्यासारखं वाटायचं.

सोमवारी दिवसाची कमाई सोडून, कांडप बंद ठेवून ती शाळेत गेली आणि ऑफिससमोरच्या बाकावर बसली. तिनं घोषणा दिली नाही, अर्जही दिला नाही. दुसऱ्या तासाला सातवीतली एक मुलगी दाराशी येऊन घुटमळली. आक्का उठली आणि कांडपावरच्या आवाजात क्लार्कला म्हणाली, "साहेब, पोरीला संडासला जायाचंय. किल्ली द्या." पार वरच्या मजल्यापर्यंत गेलं ते. त्यानंतर प्रत्येक मुलीच्या वेळी तेच. दुपारपर्यंत क्लार्कनं किल्ली कुलपालाच अडकवून ठेवली.

मंडळाचे सचिव आले. मी बाहेर व्हरांड्यात होते, सगळं ऐकत होते.

"पालकांना शाळेच्या वेळेत असं बसता येत नाही, बाई. आमच्यावर विश्वास नाही का तुमचा?"

"हाय की. माझ्या कांडपावर बी बायकांचा विश्वास हाय. तरी बसत्यात. बसल्यानंच तो ऱ्हातोय, सायेब."

"मग तुमच्या मुलीचा दाखला घेऊन जा. दुसरीकडे बघा."

पुढच्या वर्षी दहावी. नववीच्या मध्यावर काढून टाकलेली पोर कोण घेणार? आक्काचा चेहरा उतरला, ते मी पाहिलं. तिनं हात पदराला पुसले. मग म्हणाली, "द्या. त्यात शाळा सोडल्याचं कारण असा एक रकाना असतोय. तिथं तेवढं लिवा, की आई म्हणाली संडासचं कुलूप काढा. खाली सही करा, शिक्का मारा. मी आत्ता नेतो."

सचिव आत गेले. दाखला त्या दिवशी आला नाही, दुसऱ्या दिवशीही नाही.

त्या सोमवारी संध्याकाळी कांडपावर तिनं पल्लवीला विचारलं, "खरं सांग. दुसऱ्या शाळंत जातीस? मी भांडून तुझं वाईट करतोय का?" पल्लवी म्हणाली, "अव्वा, आज मी दोन बाटल्या पाणी पिलो." आक्का तोंड फिरवून मिरचीची देठं मोडत बसली. तिखटानं डोळ्यांत पाणी येतं म्हणून एरवी ती आम्हालाच चिडवायची.

मंगळवारी तिच्याबरोबर आणखी एकजण बसली. त्या आठवड्यात पाळ्या ठरल्या, सोमवार आक्काचा. मानेवहिनी मात्र आल्या नाहीत. शाळेची अब्रू वेशीवर टांगली म्हणून त्यांनी आक्काशी बोलणं टाकलं, चटणीही दुसरीकडून कांडून आणली. आक्काला त्याचं वाईट वाटलं. "वहिनीचं खोटं न्हाय. तिला शाळा लई आवडती. आवडणाऱ्याला डाग दिसला की तो आधी डोळं मिटतोय."

दिवाळीच्या आत कुलपं निघाली, सफाईला बाई आली. कुणी बोलून कबूल केलं नाही. मी म्हटलं, जिंकलो, विजयी पत्रक काढू. आक्का म्हणाली, "कुलूप स्वस्तात मिळतंय गं. उद्या परत आणतील. बसायचं सोडू नगा." पल्लवी दहावी होऊन कॉलेजात गेली तरी ही आपल्या सोमवारी बाकावर हजर. शिपाईमामा एकदा म्हणाले, "आक्का, तुमची पोरगी तर गेली की."

"आणि बाकीच्या पोरी काय माठ हाईत, पाणी भरून ठेवायला?"

गेल्या हिवाळ्यात गिरिजाक्का वारली. भर दुपारी छातीत कळ आली आणि दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं. माती द्यायला गल्ली लोटली होती. पुढच्या सोमवारी शाळेनं शोकसभा घेतली. पालक असावा तर असा, असं सचिव माइकवर म्हणाले. मी उठून बोलणार होते, पल्लवीनं माझा हात धरून ठेवला.

सभा संपल्यावर सचिवांनी शिपाईमामांना सांगितलं, ऑफिससमोरचा बाक आता हॉलमध्ये नेऊन ठेवा, इथं अडचण होते. मामांनी एक टोक उचललं. तेवढ्यात मानेवहिनी आल्या आणि दुसऱ्या टोकाला बसल्या. त्यांची धाकटी तेव्हा आठवीत होती.

"वहिनी, साहेबांनी सांगितलंय."

"साहेबांना सांगा, मी या शाळेची माजी विद्यार्थिनी आहे. सोमवारची पाळी रिकामी झाली आहे, ती मी घेतली."

मामांनी हातातलं टोक खाली ठेवलं. सचिव घड्याळ बघत आत गेले. वहिनींनी पर्स मांडीवर घेतली आणि ताठ बसल्या, अंगावर बँकेत जायची साडी. थोड्या वेळानं एका वर्गातून एक लहानशी मुलगी बाहेर आली. ऑफिसकडं तिनं बघितलंही नाही, आमच्याकडंही नाही. सरळ व्हरांड्याच्या टोकाला संडासाकडं गेली, दार ढकललं, आणि आतून कडी लावल्याचा आवाज आला.