सोपानभाऊचं जड स्टिअरिंग

रिसोडला रोडवर आमचं ट्रकचं गॅरेज आहे. इंजिन नवरा खोलतो, स्टिअरिंग माझ्याकडे. एक गाडी दुरुस्त होऊन जाईस्तोवर मागे एखादा किस्सा सोडून जाते. सोपानभाऊच्या गाडीनं तर एकटीनंच ढीग लावला.

*

सोपानभाऊ आला तो खांद्याला बाम चोळत. म्हणे, वय झालं, स्टिअरिंग वळत नाही. जिंदगीभर ट्रक चालवला, आता विकतो. किन्हीराजा गावचं गिऱ्हाईक उद्या गाडी पाहायला येणार होतं. सांगताना गाडीकडं पाहवत नव्हतं त्याला.

मी चढून स्टिअरिंग फिरवलं. माझ्यानंही हलेना.

"भाऊ, म्हातारे तुमी नाही झाले. पावर स्टिअरिंगचं प्रेशर गेलं."

"म्हंजे बदाम फुकटच खाल्ले म्या?"

*

स्टिअरिंगच्या तेलाच्या टाकीचं झाकण उघडलं, तर आत फेस अन् वास भज्यांचा. तेल कमी दिसलं म्हणून भाऊनं घरची सोयाबीन तेलाची पिशवीच ओतली होती.

"आपल्याच भागाचं हाये ना, वयनी."

"मंग कढईत ओता. पंप तळून राह्यले काय?"

*

सगळं तेल काढलं, पंप खोलला, वॉल्वमधला कचरा साफ केला. नवं तेल भरून पुढची चाकं जॅकवर उचलली. आता आत अडकलेली हवा काढायला स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायचं. मी बसायला गेले, तर सोपानभाऊ दारात आडवा. सीटवर बाई बसली की गाडी रुसते म्हणे.

"आतालोक तर तुमीच बसत होते. मंग रुसली कोनावर?"

भाऊ पायरीवरून खाली उतरला.

*

प्रेशर गेजचा काटा वर चढला. मी एका बोटानं स्टिअरिंग फिरवून दाखवलं. मग जॅक काढला, भाऊ बसला, पण हाताला सवय जुनी. फाटकाबाहेर पडल्यावर दात खाऊन, दोन्ही हातांनी ओढलं. रोडवर निघालेली गाडी गर्रकन वळून परत आमच्याच फाटकात!

नवऱ्यानं विचारलं, "काही राह्यलं काय?"

*

दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक आलं. सोपानभाऊनं त्याला बाजूला बसवून जवळच्या शिरपूरपर्यंत फिरवून आणलं. एका बोटानं. उतरल्यावर त्यानं भाव विचारला.

सोपानभाऊ म्हणाला, "कोनत्या गाडीचा?"

*

पुढच्या आठवड्यात त्याची बायको एकटीच गॅरेजवर आली. म्हणे, भाऊनं केस काळे केले, नागपूरचं भाडं मारून आला तसाच हैदराबादचं घेतलं, घरी जेवायलाही टेकत नाही. माझा नवरा तिकडं इंजिनात वाकलेला पाहून ती माझ्याजवळ सरकली.

"ताई, स्टिअरिंग थोडंसं जड करून देता येते काय?"