रद्दीतनं निवडलेलं मासिक

तुम्हाला वाटत असंल, हे पोरगं आता रडगाणं लावणार. कथा परत आली, उशी भिजली, मग कुणीतरी थोर माणसानं पाठ थोपटली. तसलं काय बी न्हाय. माझी पहिलीच कथा पहिल्याच दणक्यात छापून आली. फोटोसकट! एक वाचक तर सहकुटुंब घरी आला. थांबा, एवढ्यात जळू नका.

झालतं असं. आबांनी, म्हंजे माझ्या वडलांनी, दम दिलता, "दिवाळीपतोर कुठं छापून आलं तर लिव. न्हाय आलं तर मामाच्या दुकानात टायरीत हवा भरायला जायाचं."

कथा तयार होती, पण पाठवायची कुठं? दोन मासिकांना फोन लावला. पहिले संपादक नाकातनं बोलले, "आमच्या अंकाची प्रकृती वेगळी आहे." हा आवाज मी लई झकास काढतो, आमची म्हैस पण वळून बघते. दुसरे म्हणाले, "आधी आमचे अंक वाचा, मग पाठवा." सल्ला चांगला होता. पण वाचायचं म्हंजे वेळ जाणार की!

म्हणून शाहूपुरीत रद्दीच्या दुकानात गेलो. लोकं खरं काय वाचत्यात ते रद्दीलाच ठाऊक. साहित्याची मासिकं तिथं आलती ती कोरी करकरीत, टपालाच्या वेष्टनासकट. एकाच मासिकाची पानं हाताळून मऊ झालेली, कोपरे दुमडलेले, पेनानं गोल केलेले, एका पानावर हळदीची बोटं. असले वाचक कुणाला मिळत्यात? वधू-वर सूचक मासिक होतं ते.

दुकानदार म्हणाला, "पावणं, लग्न ठरवायचंय व्हय?"

"न्हाय, कथा छापायचीया."

त्यानं मला एकदा खालपासनं वरपर्यंत बघितलं आणि रद्दीचं वजन करायला लागला.

मी अंक चाळला. राशिभविष्य होतं, चारोळ्या होत्या, वडीची पाककृती होती. कथा एक बी न्हाय. म्हंजे स्पर्धाच न्हाय! तिथंच ठरलं.

माझ्या कथेतला गडी 'मी' म्हणून बोलतो. बारा एकर ऊस, आठ म्हशी, दुमजली घर, आणि तरी गच्चीवर एकटाच उसासे टाकतो. दुःख जरा खोल जावं म्हणून त्याची आई लहानपणीच मारलीती. लेखक पाठवत्यात तसा मी फोटो आणि पत्ता जोडला.

अंक आला. संपादकांनी उसासे समदे गाळलेले. ऊस, म्हशी, घर आणि वारलेली आई, एवढंच ठेवून 'वर-परिचय' सदरात छापलेलं. सदराचं नाव अंगठ्यानं झाकून मी आबांना दाखवलं. आबांनी फोटो बघितला आणि गल्लीत पेढे वाटले.

त्याच रविवारी गारगोटीचे पावणे जीप घेऊन दारात. मुलीचे वडील आबांना म्हणाले, "ऊस कुठल्या अंगाला हाय?"

"कसला ऊस?" आबा म्हणाले.

मी पुढं झालो, "काल्पनिक हाय वो."

"असू दे की. कंच्या कारखान्याला घालता?"

मग त्यांनी डोळ्याला रुमाल लावला. "आईविना पोर, पण काय वाढवलंय तुम्ही!"

तेवढ्यात आई पोह्यांचं ताट घेऊन आली.

"ह्या कोण?"

"ह्याची आई," आई म्हणाली.

पावण्यांनी अंक उघडला, बोट ठेवलं आणि मोठ्यानं वाचून दाखवलं. पोहे न खाताच जीप गेली. आबांनी घरातला अंक काढून सदराचं नाव वाचलं. आई बोलली.

"सकाळधरनं चुलीपुढं राबतीया मी, आन् तू मला पुरून मोकळा झालास व्हय रं? आठच्या आठ म्हशी जित्त्या ठेवल्यास, त्यातली एक मारली असतीस तर काय बिघडलं असतं? आईच घावली तुला? उद्या मामाच्या दुकानात हवा भरायला जायाचं. पण आधी हितं बस, कागद घे, आन् मला जित्ती कर. हे पोहे गार व्हायच्या आत!"