आतली सूज

तिचा दिवस पहाटे साडेचारला सुरू व्हायचा, कारण स्लॅबवर ऊन यायच्या आत पाणी पडलं पाहिजे. नव्या बांधकामाला पाणी मारणं हे तिचं काम. कॉलमला गोणपाट गुंडाळायचं आणि ते सुकू द्यायचं नाही. पाइप ओढत वरच्या मजल्यापर्यंत चढायचं. या कामात कुचराई केली तरी लगेच कोणाला कळत नाही. तिनं ती कधी केली नाही.

नवरा त्याच इमारतीवर गवंडी. भिंत सरळ आहे की नाही हे तो आधी डोळ्यानं सांगायचा, ओळंबा मागून लावायचा. त्या नजरेवरच त्याला दोन पैसे जास्त मिळत.

त्या आठवड्यात त्याला हुडहुडी भरून ताप येत होता. उतरला की तो कामावर यायचा. एका दुपारी विटा रचता रचता तो बरळायला लागला. माल कालवणाऱ्या गड्याला त्यानं "आई" म्हणून हाक मारली. सगळे हसले.

"भरदुपारीच लावलीस का रे?"

"ऊन लागलंय त्याला," मुकादम म्हणाला. "सावलीत टाका."

तिनं त्याला जिन्याखाली निजवलं. अंग तव्यासारखं तापलं होतं. तिला जे येत होतं ते तिनं केलं. ओलं गोणपाट गुंडाळलं आणि सुकू दिलं नाही. हळूहळू अंग गार पडलं, बडबड थांबली, डोळे मिटले. तिच्या जिवात जीव आला.

"झोपू द्या त्यांना," असं सांगून ती पाइप घेऊन वर गेली.

काम सुटल्यावर उठवायला गेली, तर तो उठेना. मग हातपाय झटके द्यायला लागले.

"मलेरिया मेंदूत गेलाय," दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "जंतू शिरलेलं रक्त मेंदूतल्या केसाएवढ्या नळ्यांना चिकटून बसतं. वाट अडते, मेंदू सुजतो. कवटी काही सैल होत नाही. मग सूज जाणार कुठं?"

"पण अंग गार केलं होतं मी."

"गोणपाटानं काही बिघडलं नाही, बाई. ती झोप नव्हती. तेव्हाच आणायला हवं होतं."

तो वाचला. शुद्धीवर आल्यावर आधी बिडी मागितली, मग बायकोला ओळखलं. हात चालत होते, जीभ चालत होती. मुकादमानं त्याला गच्चीवरची छातीएवढी भिंत दिली. "ही बांधून दाखव. जमली तर तुझी थापी तुला, नाहीतर फाटकावर राखणीला बस."

विटा तीच वाहून देत होती. हात पूर्वीसारखाच सपासप चालला होता. पण तिसऱ्या थरापासून भिंत बाहेर झुकायला लागली. त्यानं ओळंबा सोडला. दोरी विटेपासून दोन बोटं लांब राहिली. त्यानं ती नीट पाहिली आणि म्हणाला, "बरोबर."

तिनं पुढची वीट दिली.

संध्याकाळी तो घरी गेल्यावर मुकादम वर आला. त्यानं स्वतः ओळंबा सोडून पाहिला.

"पाडावी लागेल, वहिनी."

"पाडा. पण त्यांना सांगू नका. डॉक्टरांनी जिने चढायला मनाई केलीय म्हणा, आणि फाटकावर बसवा."

"आणि सिमेंट? दुसऱ्या गवंड्याची मजुरी? ती काय माझा सासरा देणार?"

"माझ्या पगारातून कापा."

माल ओला होता. तिनं स्वतःच भिंत उतरवली, एकेक वीट खरवडून धुतली, दुसऱ्या गवंड्याच्या हातात दिली. बल्बच्या उजेडात रात्री उशिरा भिंत उभी राहिली. पहाटे तिनंच तिला पाणी मारलं.

थापी न्यायला तो सकाळी वर आला. भिंतीसमोर एक डोळा मिटून उभा राहिला.

"बघ," तो म्हणाला. "मरणाच्या दारातून येऊन बांधलीय. हललीय का कुठं?"

"नाही," ती म्हणाली.

"आणि म्हणे जिने चढू नको. डॉक्टरांना काय कळतं?"

तो खाली फाटकावर गेला. त्या आठवड्याची तिची सगळी मजुरी त्या भिंतीत गेली.